एचआर सॉफ्टवेअरची परिषद पाहून आल्यावर: निर्णय ज्याच्याबद्दल, त्याला कारण कुठे दिसणार?

निळी शाई

कंपन्यांमध्ये एचआर आणि पेरोलची सॉफ्टवेअर बसवून देणे हे माझे काम. नुकतीच या क्षेत्रातली एक मोठी परिषद झाली. तिथून आल्यापासून जे डोक्यात घोळते आहे ते इथे मांडते. इथे एचआरवाले आहेत, प्रोग्रॅमर आहेत, नोकरी शोधणारेही आहेत, त्यामुळे सगळ्या बाजू ऐकायला मिळतील.

यंदा जिकडेतिकडे एकच शब्द होता, एआय एजंट. काही वर्षांपूर्वी चॅटबॉट होते. शिल्लक रजा विचारली की ते आकडा सांगायचे. एजंट त्याच्या पुढे जातो. तो रजेचा अर्ज भरतो, मंजुरीसाठी पाठवतो, शिफ्टला बदली माणूस सुचवतो आणि मूळ नोंदही बदलतो. भरतीत तो अर्ज वाचून क्रम लावतो, मुलाखतीची वेळ ठरवतो, नकाराचा मेलही तोच पाठवतो. सांगणारे यंत्र आणि करणारे यंत्र यांत जबाबदारीच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे, आणि डेमोमध्ये नेमके तेच भराभर उरकले जात होते.

मी प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारत होते. एजंटने एखाद्या उमेदवाराचा अर्ज यादीत खाली ढकलला किंवा एखाद्याचे नाव बढतीसाठी सुचवलेच नाही, तर त्या माणसाला त्याचे कारण कोणत्या स्क्रीनवर दिसेल? बहुतेकांनी मला ऑडिट लॉग दाखवला. लॉग खरोखर चांगले होते: कोणी, केव्हा, काय बदलले, सगळे नीट. पण ते ॲडमिनला दिसतात. उमेदवाराची स्क्रीन मागितली की तिथे 'अर्ज विचाराधीन' आणि 'अर्ज नाकारला' एवढेच.

याची मुळे जुनी आहेत. पगाराचा हिशेब हे कंपन्यांनी संगणकाला दिलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. ब्रिटनमधल्या लायन्स कंपनीचा लिओ संगणक १९५० च्या दशकातच पगार काढू लागला होता. पुढे १९८७ मध्ये एचआर सॉफ्टवेअर बनवणारी पीपलसॉफ्ट आली. ओरॅकलने तिच्यावर जबरदस्तीने ताबा मिळवण्याचा प्रयत्न सुरू केला, ते प्रकरण दीड वर्ष चालले आणि २००५ च्या सुरुवातीला पीपलसॉफ्ट ओरॅकलकडे गेली. तिचे संस्थापक डेव्ह डफिल्ड यांनी त्याच वर्षी अनील भुसरी यांच्यासोबत वर्कडे ही तशीच कंपनी सुरू केली. मग सॅपने सक्सेसफॅक्टर्स घेतली, ओरॅकलने टॅलिओ. प्रत्येक लाटेत साहेबाचा डॅशबोर्ड अधिक सुंदर झाला. कर्मचाऱ्याच्या वाट्याला 'सेल्फ-सर्व्हिस' आली. म्हणजे पूर्वी एचआरचा कारकून जी माहिती भरायचा ती आता कर्मचारी स्वतः भरतो. त्या माहितीवरून पुढे काय ठरते ते मात्र त्याला दिसत नाही.

आता कंपन्या एकमेकींना विकत घेताहेत, त्यामुळे हा प्रश्न आणखी गंभीर होतो आहे. वर्कडेने २०२४ मध्ये हायर्डस्कोअर घेतली. ती कंपनी उमेदवारांना गुण देणारे तंत्रज्ञान बनवते. २०२५ मध्ये पॅराडॉक्स घेतली, ती उमेदवारांशी गप्पा मारणारा बॉट बनवते. मूळ नोंद, छाननी आणि संवाद एकाच छताखाली आले. वापरायला हे सोपे जाते, हे मी रोज पाहते. पण एका ठिकाणी चुकीची नोंद गेली की ती आता सगळीकडे पसरते, आणि जिच्याबद्दल ती नोंद आहे त्या व्यक्तीला ती दुरुस्त करायला दार नाही.

माझे मत सरळ आहे. सॉफ्टवेअर ज्याच्याबद्दल निर्णय घेते किंवा सुचवते, त्याला त्या निर्णयामागची माहिती पाहता आली पाहिजे आणि चूक असेल तर ती दाखवून देता आली पाहिजे. हे ज्या उत्पादनात नाही ते अपुरे उत्पादन आहे, मग त्यात किती का एजंट असेनात. तुम्हाला काय वाटते?

मस्टर

चांगला धागा. मी पेरोलचा माणूस, त्यामुळे माझी काळजी एक पायरी खालची आहे. एजंट ज्या नोंदींवर उभा राहणार त्या नोंदी तरी बरोबर आहेत का?

कॅनडाच्या केंद्र सरकारची फिनिक्स ही पगारप्रणाली या धंद्यातल्या प्रत्येकाने अभ्यासावी. २०१६ मध्ये ती सुरू झाली, पायाशी पीपलसॉफ्टच होते. सुमारे २,९०,००० कर्मचाऱ्यांचा पगार तिच्यातून निघायचा होता. खर्च वाचावा म्हणून पगाराचे काम एका केंद्रात हलवले आणि अनेक खात्यांत वर्षानुवर्षे पगार पाहणारी अनुभवी माणसे आधीच कमी केली. मुदत आणि बजेट सांभाळण्यासाठी काही सुविधा गाळल्या, प्रायोगिक चाचणी रद्द केली. मग कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला मिळालाच नाही. लोकांनी घराचे हप्ते चुकवले. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी प्रकल्पाच्या व्यवस्थापनाचे हे अपयश अनाकलनीय असल्याचे म्हटले.

त्याआधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्यात असेच झाले. परिचारिका आणि डॉक्टरांचे पगार चुकले. २०१३ च्या चौकशीत एकूण खर्चाचा अंदाज १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेला. शिफ्ट, रात्रपाळी, भत्ते, एकाच माणसाच्या दोन ठिकाणच्या ड्यूट्या, ही गुंतागुंत ज्यांना तोंडपाठ होती त्यांना कोणी पुरेसे विचारले नाही.

आज एजंटच्या डेमोत मला तोच उत्साह दिसतो. 'एचआरची माणसे कमी लागतील' हे वाक्य विक्रीच्या पहिल्या पाच मिनिटांत येते. पगाराचे नियम कागदावर पूर्ण लिहिलेले कधीच नसतात, अर्धे त्या माणसांच्या डोक्यात असतात. ती माणसे गेली की एजंटला विचारायला कोणी उरत नाही.

दुपारची शिफ्ट

मी एका कारखान्याचे एचआर पाहतो. निळी शाई, तुमचा मुद्दा पटतो, पण एजंटबद्दल जरा वेगळे बोलायचे आहे.

आमचे बहुतेक लोक टेबलावर बसून काम करत नाहीत. त्यांच्याकडे ऑफिसचा मेल नाही, लॅपटॉप नाही. रात्रपाळीच्या माणसाला ओव्हरटाइमचे तास कमी दिसले तर त्याने कोणाला विचारायचे? एचआरचे ऑफिस तेव्हा बंद. सकाळी थांबायचे तर झोप जाते. असा माणूस गप्प बसतो आणि मनात राग धरतो. त्याला फोनवर, त्याच्या स्वतःच्या भाषेत, बोलून विचारता आले आणि 'अमुक दिवशी बाहेर पडतानाचा पंच नोंदला गेला नाही, म्हणून चार तास धरले नाहीत' असे उत्तर मिळाले, तर माझ्या मते ती मोठी गोष्ट आहे. आवाजावर चालणारी मदत ही या काळातली सर्वांत उपयोगी सुधारणा आहे आणि परिषदांमध्ये तिला कोपऱ्यातली जागा मिळते, कारण मोठ्या पडद्यावर ती चमकत नाही.

दुसरे म्हणजे वेळ. अर्ज तपासणे, रजा, पत्रे, दाखले यांत माझी माणसे दिवसभर अडकतात. तो भार यंत्राने घेतला तर ती खाली शॉप फ्लोअरवर जाऊन लोकांशी बोलतील.

निळी शाई

@दुपारची शिफ्ट, तुम्ही दिलेले उदाहरण म्हणजे मला हवे तेच आहे. पंच नोंदला नाही हे कारण त्या माणसाला कळले. आता एकच पायरी उरते. 'मी बाहेर पडलो होतो, यंत्राने बोट घेतले नाही' हे त्याला तिथल्या तिथे सांगता आले पाहिजे आणि ते एका खऱ्या माणसासमोर गेले पाहिजे. कारण दिसते पण हरकत नोंदवता येत नाही, अशी उत्पादने मी भरपूर पाहिली.

हजेरीतला आणखी एक नियम पाहा, वेळ गोल करण्याचा. काही ठिकाणी सॉफ्टवेअर पंचची वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्याला गोल करते. सेटिंगमध्ये ती एक साधी टिक असते. त्यात कापली किंवा वाढलेली मिनिटे रोज कोणाच्या बाजूने पडतात हे कर्मचाऱ्याला माहीत नसते, अनेकदा एचआरलाही नसते. एवढ्या लहानशा गोष्टीत पारदर्शकता नसेल तर एजंटच्या बाबतीत ती आपोआप येईल असे मला वाटत नाही.

काळवेळ

मी सध्या नोकरी शोधतोय. दुसऱ्या बाजूचे चित्र सांगतो.

जाहिरातीखालचे बटण दाबायचे, रेझ्युमे चढवायचा, मग तीच सगळी माहिती पुन्हा रकान्यांत भरायची. एका ठिकाणी रात्री उशिरा अर्ज केला आणि झोपायच्या आतच नकार आला. कोणी वाचला असेल असे मानायला मन तयार होत नाही. नकाराचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त त्रास याचा होतो की पुढच्या वेळी काय सुधारू हे कळत नाही. मधल्या काळात आजारी वडिलांसाठी मी नोकरी सोडली होती. तो खंड आड येतो का? वय? शिक्षणाचे नाव वेगळे आहे म्हणून? मी अंदाज करत राहतो.

मग इतरांप्रमाणे मीही एआयकडून रेझ्युमे लिहून घेऊ लागलो. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे घालायचे. आता कंपन्या म्हणतात की सगळे रेझ्युमे एकसारखे दिसतात आणि अर्जांचा पूर येतो, म्हणून आणखी कडक चाळणी हवी. हे चक्र आमच्यासारख्यांनी सुरू केलेले नाही.

अनवट

@काळवेळ, मी अशाच एका उत्पादनावर काम करणारी प्रोग्रॅमर आहे. आतून काय दिसते ते सांगते.

जुन्या चाळण्यांमध्ये नियम असायचे. अमुक पदवी, इतका अनुभव, हे शब्द. नियम क्रूर होते, पण सांगता येत होते. नंतर जुन्या निवडींवरून शिकणारी मॉडेल्स आली. ॲमेझॉनचे प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले ते याच प्रकारातले. आधीच्या दहा वर्षांतले रेझ्युमे बहुतांश पुरुषांचे, त्यावरून शिकलेले मॉडेल स्त्रियांच्या कॉलेजचे किंवा क्लबचे नाव दिसले की गुण कमी करायचे. लिंगाचा रकाना काढला तरी इतर खुणा शिल्लक राहतात. ॲमेझॉनने ते साधन बंद केले.

आता माणसासारखा मजकूर लिहिणारी भाषिक मॉडेल्स आली आहेत आणि इथे एक सूक्ष्म धोका आहे, तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. मॉडेलने अर्जाला गुण दिले आणि आपण विचारले 'का?', तर ते अतिशय समंजस, नीट वाक्यांत उत्तर देते. पण ते उत्तर त्या क्षणी तयार झालेले असते. गुण खरोखर त्याच कारणाने दिले होते याची खात्री नसते. त्यामुळे 'आमचा एजंट कारण सांगतो' हे ऐकून समाधान मानू नका. निर्णयाच्या वेळी कोणती माहिती आत गेली, कोणते निकष दिले होते, मॉडेलची कोणती आवृत्ती होती, हे साठवले आहे का ते विचारा. तेच इनपुट पुन्हा दिले तर तोच क्रम येतो का तेही करून पाहा. आमच्याकडे आम्ही ही चाचणी लावली आणि काही अर्ज दर वेळी वेगळ्या जागी येत होते. मग ठरवले की मॉडेलने फक्त रेझ्युमेतली माहिती रकान्यांत काढायची, आणि क्रम उघड, लिहिलेल्या निकषांवर लावायचा. विक्रीवाल्यांना हे कमी आकर्षक वाटते. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

सुरक्षेबद्दलही बोलले पाहिजे. २०२५ मध्ये मॅकडोनल्ड्सच्या भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या पॅराडॉक्सच्या बॉटमध्ये संशोधकांना एक जुने चाचणीचे खाते सापडले. त्याचा पासवर्ड होता १२३४५६. त्यातून कोट्यवधी उमेदवारांच्या नोंदींपर्यंत पोचता येत होते. कंपनीने कळताच दुरुस्ती केली. पण ज्यांची नावे आणि फोन नंबर तिथे होते त्यांनी फक्त एका कामासाठी अर्ज केला होता.

चौथा_रकाना

कायद्याच्या बाजूने थोडे. कामगार कायदा हे माझे क्षेत्र.

युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला, त्याच्या तरतुदी मात्र टप्प्याटप्प्याने लागू होतात. भरती, बढती, कामावरून काढणे, कामगिरीवर लक्ष ठेवणे यांसाठीचे एआय त्यात उच्च जोखमीचे मानले आहे. कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणारी यंत्रणा वैद्यकीय किंवा सुरक्षेचे कारण सोडले तर फेब्रुवारी २०२५ पासून तिथे बंदच आहे. निळी शाई यांच्या प्रश्नाला भिडणारी तरतूद म्हणजे कलम ८६: अशा यंत्रणेच्या आधारे घेतलेल्या निर्णयाचा ज्याच्यावर मोठा परिणाम होतो, त्याला त्या निर्णयात यंत्रणेचा वाटा काय होता याचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क. शिवाय यंत्रणा वापरण्याआधी कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना कळवणे मालकावर बंधनकारक केले आहे.

न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांचे दरवर्षी पक्षपात-परीक्षण आणि त्याचा निकाल जाहीर करणे सक्तीचे केले. पण साधन खरोखर निर्णयावर प्रभाव टाकते का हे ठरवणे बरेचसे कंपनीच्याच हातात राहिले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळे पाहिली, त्यांतल्या १८ ठिकाणी असा अहवाल सापडला. कायदा कसा लिहू नये हे शिकण्यासाठी मी हे उदाहरण वापरतो.

अमेरिकेत वर्कडेविरुद्धचा खटला सुरू आहे. वारंवार नाकारल्या गेलेल्या एका अर्जदाराने २०२३ मध्ये तो दाखल केला. २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटले की सॉफ्टवेअर कंपनी मालकाच्या वतीने छाननी करत असेल तर तिलाही मालकाचा प्रतिनिधी म्हणून जबाबदार धरण्याचा दावा चालू शकतो. २०२५ मध्ये चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या अर्जदारांसाठी तो सामूहिक स्वरूपात पुढे न्यायला प्राथमिक परवानगी मिळाली. वर्कडे आरोप नाकारते आणि अंतिम निकाल लागलेला नाही. तरीही 'आम्ही फक्त साधन देतो, निर्णय ग्राहकाचा' ही भूमिका आता पूर्वीइतकी सुरक्षित राहिलेली नाही.

पानगळ

मी शिक्षण-प्रशिक्षण विभागात आहे. अजून कोणी कौशल्यांबद्दल बोलले नाही म्हणून लिहिते. पदनामापेक्षा कौशल्य पाहा, हा विचार मला मनापासून आवडतो. युरोपीय आयोगाची ईस्को ही सूची त्यासाठी मोकळी उपलब्ध आहे, सुमारे ३,००० व्यवसाय आणि १३,००० हून अधिक कौशल्ये. पण नवी सॉफ्टवेअर कौशल्ये विचारत नाहीत, ती 'ओळखतात': मेल, कामांची टिकिटे (नोंदी), कागदपत्रे, चॅट यांवरून. जी व्यक्ती लिहून कमी आणि बोलून, करून जास्त काम करते तिची पाटी कोरी राहते. आमच्याकडे नव्या लोकांना शिकवणारी एक ज्येष्ठ सहकारी आहे. सगळे तिच्याकडे जातात आणि प्रणालीत तिच्या नावापुढे 'मार्गदर्शन' हे कौशल्यच नव्हते. तिला स्वतःला ते घालता येत होते, पण स्वतः घातलेल्या कौशल्याला मशीनने ओळखलेल्यापेक्षा कमी वजन होते. हे वजन कोणी ठरवले?

निळी शाई

@पानगळ, हा प्रश्न मी पुढच्या डेमोत शब्दशः विचारणार आहे.

अप्रेझलबद्दलही लिहायचे राहिले होते. अडोबीने २०१२ मध्ये वार्षिक रेटिंग बंद केले, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये लोकांची सक्तीची उतरंड लावणे सोडले. त्यामागे कल्पना अशी होती की साहेबाने वर्षभर माणसाशी बोलावे. आता कर्मचारी स्वतःचे मूल्यमापन एआयकडून लिहून घेतो, साहेब त्यावरचा अभिप्राय एआयकडून लिहून घेतो, आणि एचआर दोन्हींचा सारांश एआयकडून मागवते. पूर्वी अभिप्राय लिहिण्याच्या अर्ध्या तासात साहेबाला समोरच्या माणसाचा विचार करावा लागायचा. वेळ वाचला म्हणून जे दाखवले जाते ते खरे तर तेच आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

लोकांच्या विरोधाचा उपयोग होतो, हेही इथे नोंदवते. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर या सुविधेत प्रत्येक कर्मचाऱ्याचे आकडे नावासह दिसत होते. टीका झाली आणि काही दिवसांत नावे काढली गेली. जुलै २०२४ मध्ये लॅटिस या एचआर सॉफ्टवेअर कंपनीने एआयला कर्मचाऱ्यांसारखी अधिकृत नोंद देण्याची घोषणा केली होती, ती आठवड्याच्या आत मागे घेतली.

दुपारची शिफ्ट

वरचे सगळे वाचून एक व्यावहारिक प्रश्न. आम्ही मध्यम आकाराचे ग्राहक. 'उमेदवाराला कारण दाखवणारी स्क्रीन द्या' म्हटले तर विक्रेता म्हणतो की रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या योजनेत आहे. खरेदीचा निर्णय माझ्या हातात पूर्ण नाही. मग मी नेमके काय धरून बसू?

निळी शाई

स्क्रीन नंतर येऊ दे, कराराची भाषा आज ठरवा. तिथे ग्राहकाचा जोर सही होईपर्यंतच असतो. माझ्या अनुभवात या गोष्टी मान्य होतात: एजंट स्वतःहून नकार पाठवणार नाही, माणसाच्या मंजुरीनेच जाईल. प्रत्येक शिफारशीसोबत त्या वेळची माहिती आणि निकष ठरावीक काळ जपले जातील आणि मागितल्यावर कामाच्या ठरावीक दिवसांत मिळतील. मॉडेल बदलले तर आधी कळवतील. आणि सगळ्यात महत्त्वाचे, आपल्या डेटावर आपल्या परवानगीशिवाय मॉडेल शिकवले जाणार नाही. कर्मचाऱ्याची हरकत नोंदवायला तूर्त साधा फॉर्म चालेल, फक्त तो कोणाकडे जातो आणि किती दिवसांत उत्तर येते हे लिहिलेले असावे. तुमच्या लोकांची एखादी समिती असेल तर डेमोला तिच्यातल्या कोणाला तरी बसवा. मी हे केले आहे. पंच चुकल्यावर काय होते, हा प्रश्न तिथे एचआरने विचारला नव्हता, फिटरने विचारला.

मस्टर

यात माझी भर. नवी यंत्रणा लागू करताना जुन्या आणि नव्या पगाराचा किमान दोन-तीन चक्रे पॅरलल रन करा, म्हणजे दोन्हींवर पगार काढून ताडून पाहा, आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहून घ्या, 'किरकोळ' म्हणून सोडू नका. आणि बाहेर पडायची वाट करारात आधीच ठरवा. डेटा परत देऊ असे सगळे म्हणतात, पण अनेकदा फक्त आजची स्थिती देतात. पगारातले बदल, रजेचा मागचा हिशेब, कोणी काय मंजूर केले हा इतिहास वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे. कर्मचाऱ्याने पाच वर्षांपूर्वीच्या थकबाकीचा दावा केला तर त्याच्या हातात पुरावा म्हणून तेवढेच असते.

डिसेंबर २०२१ मध्ये क्रोनोस या हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या क्लाउडवर खंडणीखोरांचा हल्ला झाला तेव्हा अनेक संस्थांनी कागदावर हजेरी लिहिली आणि मागच्या चक्राचा पगार तसाच पुन्हा दिला. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांचे हिशेब लवकर जुळले. म्हणून मी ग्राहकाला सांगतो की दर महिन्याला पगार बंद झाला की हजेरी आणि पगाराची पूर्ण फाइल उतरवून आपल्याकडे ठेवा. @दुपारची शिफ्ट, तुमचा मसुदा तयार झाला की नावे गाळून इथे टाका, हजेरीची कलमे मी पाहतो, चौथा_रकाना यांनी भरतीची पाहावीत.